जावयाच्या कॅमेऱ्याबाबत खुलासा

कुरखेड्याच्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं घालवून बडे बाबू झालेले गुणवंतराव उके यांच्या हातून आजवर काहीही पडलं नव्हतं. निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं तसं होतं. कप नाही, बशी नाही, फाईल नाही, आणि साहेबांचा शब्द तर नाहीच नाही. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई यांना याच्या उलट दोन-तीन दाखले ठाऊक होते. पण बत्तीस वर्षांच्या संसारात कोणता दाखला कधी बाहेर काढायचा याचा अंदाज त्यांना आलेला होता, म्हणून त्या गप्प बसत.

अशा या माणसाच्या हातात त्यांच्या जावयाने आपला कॅमेरा दिला.

जावयाचं नाव राजदीप. वरोऱ्याच्या एका कॉलेजात शिकवायचा. हर्षाशी त्याचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत सासरे-जावई यांच्यात एकूण चार वाक्यं चलनात होती. ‘बरं आहे ना?’ ‘बरं आहे.’ ‘बस वेळेवर होती?’ ‘होती.’ भांडण नव्हतं, मनात काही अढी नव्हती. दोघेही लाजाळू, एवढंच. गुणवंतराव कचेरीत आल्या-गेल्याची तासभर हजेरी घेत, पण घरी जावई आला की त्यांना एकदम पेपर वाचावासा वाटे. राजदीपचं तसंच. तो खिडकीतून पक्षी पाहत बसायचा. ‘दोघंही चांगले हायत,’ मनकर्णाबाई लेकीला म्हणत, ‘पन मंधात भाषांतर करायले मानूस लागते.’

यंदा भीमजयंतीला लेक-जावई आले होते. जयंती झाली, मिरवणूक झाली, आणि दुसऱ्या दिवशी राजदीपला गडचिरोलीला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. हर्षाही मैत्रिणीला भेटायला सोबत निघाली. बसला त्या दिवसांत अशी गर्दी की माणूस चढतो एका दाराने आणि त्याची चप्पल उतरते दुसऱ्या गावी. तेव्हा राजदीपने कॅमेरा दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणाला, ‘बाबा, हा तुमच्याजवळ राहू द्या. वाटलं तर वापराही. फक्त पट्टा गळ्यात घालून घ्याल.’

गुणवंतरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला.  जावयाने आपणहून त्यांच्या हातात दिलेली ही पहिली वस्तू होती. लग्नात शाल मिळाली होती, पण शाल अंगावर येते, हातात नाही.

‘काळजी करू नका,’ ते म्हणाले. हे पाचवं वाक्य.

आता खरं तर कॅमेरा कपाटात ठेवायचा, किल्ली लावायची आणि दोन दिवसांनी जसाच्या तसा परत द्यायचा, एवढंच काम होतं. पण आदल्या रात्री जेवताना राजदीप कधी नव्हे ते चार वाक्यं सलग बोलून गेला होता. हरियल नावाचा पक्षी आहे, हिरवं कबुतर. आपल्या राज्याचा पक्षी. हिरव्या पानांत हिरवा बसतो, त्यामुळे दिसत नाही. दोन वर्षं झाली, एक धड फोटो मिळालेला नाही. एवढं बोलून तो पुन्हा वरणाकडे वळला होता. आणि गुणवंतरावांना आठवलं की आपला शाळूसोबती झाडू आत्राम मागच्याच बाजारी सांगत होता, त्यांच्या गावच्या उंबरावर रोज सकाळी हरियल उतरतात, थव्याने.

बस. गुणवंतरावांच्या मनात प्रकरण उभं राहिलं. आपण जायचं, फोटो काढायचा, आणि जावई आला की काही न बोलता कॅमेरा त्याच्या हातात ठेवायचा. बाकीचं फोटो बोलेल. न बोलता बोलण्याची एवढी चांगली सोय पुन्हा कधी मिळणार होती?

पहिला अडथळा त्याच दुपारी आला आणि तो चार पायांवर आला. गुणवंतराव छपरीत टेबलावर कॅमेरा ठेवून चष्मा शोधायला आत गेले. पट्टा टेबलावरून खाली लोंबत होता. शेजारच्या गुलाबरावांची शेळी मोकळीच असायची. तिने पट्टा पाहिला, हुंगला, आणि ही नवीन जातीची वेल आहे असं ठरवून ओढला. टेबलाशेजारी खाटेवर मनकर्णाबाईंच्या कुरडया वाळत होत्या. कॅमेरा त्यांच्यावर पडला. कॅमेऱ्याला काही झालं नाही. कुरडयांचं मात्र पीठ झालं.

‘दोन दिवस झाले मी घाटा घोटून राह्यली,’ मनकर्णाबाई म्हणाल्या, ‘आन् तुमी माह्या कुरडया सोडून कॅमेराच पुसून राह्यले.’

‘जवायाचा आहे तो.’

‘कुरडया बी जवायासाठीच होत्या.’

 तेवढ्यात शेळीचे मालक गुलाबराव स्वतः आले. हे निवृत्त कंडक्टर. आयुष्य भरल्या बसमध्ये उभं राहून लोकांना आत सरका, आत सरका, असं सांगण्यात गेल्यामुळे निवृत्तीनंतरही कोणी कुठे उभं राहावं याबद्दल त्यांचं स्वतंत्र मत असे. शेळीच्या वागणुकीबद्दल दिलगिरी दाखवायची सोडून त्यांनी पट्ट्याची चौकशी केली.

‘हा पट्टा होय तुमचा दुश्मन, बडे बाबू. बत्तीस वर्षं पाह्यलं म्या. पिशवीचा बंद असो, बाईचा पदर असो, छत्रीची मूठ असो. जे लटकते ते अटकते. गळ्यात घालान त उद्या गळाच अटकन.’

गुणवंतरावांना हे पटलं. पटायला आणखी एक कारण होतं, जे त्यांनी सांगितलं नाही. गळ्यात कॅमेरा अडकवून त्यांनी आरशात एकदा पाहून घेतलं होतं. लग्नात नवरदेवाला ‘जरा मान इकडे’ म्हणणाऱ्या फोटोवाल्यासारखे ते दिसत होते. बडे बाबूंना हे कसं चालावं? त्यांनी पट्ट्याची घडी घातली आणि कपाटातून फायली बांधायची लाल फीत काढून ती घडी कॅमेऱ्याच्या बुडाशी पक्की बांधून टाकली. लाल फितीत बांधलेली वस्तू जागची हलत नाही, हा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबरावांच्या स्कूटरवर दोघे निघाले. गुलाबरावांना कोणी बोलावलं नव्हतं, पण स्कूटर त्यांची होती. कॅमेरा त्याच्या पिशवीत, पिशवी गुणवंतरावांच्या पाठीवर. आणि पिशवीच्या वरच्या कप्प्यात, घाम लागू नये म्हणून, गुलाबरावांच्या खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पुडी. जावयाच्या पिशवीत खर्रा ठेवणं गुणवंतरावांना प्रशस्त वाटलं नाही. पण फुकट स्कूटरवर बसलेल्या माणसाने किती बाणेदारपणा करावा यालाही मर्यादा असतात.

दर दोन किलोमीटरला गुलाबराव हात मागे करत. गुणवंतराव पिशवी पुढे ओढून चेन उघडत, पुडी देत, पुडी परत घेत, चेन लावत. असं तीनदा झालं. चौथ्यांदा पुडी परत आली तेव्हा समोर गतिरोधक होता. गतिरोधक आहे हे दोघांनाही तो ओलांडल्यावर समजलं. पाठीवर हलकं वाटलं म्हणून गुणवंतरावांनी मागे हात नेला, तो पिशवी आ वासून उघडी आणि कॅमेरा अर्धा बाहेर डोकावत होता. त्यांनी तो वरच्या वर धरला. भिंगावरचं झाकण मात्र उडून रस्त्यावर घरंगळत गेलं, आणि मागून आलेल्या ट्रॅक्टरने ते कायमचं निकालात काढलं.

‘झाकनच गेलं ना,’ गुलाबराव म्हणाले. ‘चांगलं झालं. लय घडीघडी काढा लागते ते.’

 गुणवंतरावांचा पट्ट्यावरचा विश्वास काल उडाला होता, आज पिशवीवरचा उडाला. त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला.

झाडू आत्राम गावाच्या तोंडाशीच भेटला. पहाटेपासून मोहफुलं वेचून परत येत होता. हातात भरलेली टोपली, चेहऱ्यावर नेहमीचं अर्धं हसू. झाडू एका शब्दात होणाऱ्या कामाला दोन शब्द कधी लावत नसे. त्याने पाण्याचा गडवा पुढे केला. पाणी प्यायला हात मोकळे हवेत, म्हणून गुणवंतरावांनी कॅमेरा स्कूटरच्या सीटवर ठेवला. गुलाबरावांनीच तसं सुचवलं. सीट गादीची आहे, याच्याहून सुरक्षित जागा राष्ट्रपती भवनातही नसेल, असं ते म्हणाले. पण स्कूटर उभी होती एका बाजूच्या स्टँडवर, आणि स्टँड उभा होता शेताच्या भुसभुशीत मातीवर. गडवा तोंडाला लागला न लागला तोच स्कूटर अगदी सावकाश, एखाद्या म्हाताऱ्याने आडवं व्हावं तशी कलंडली.

झाडूने एक पाऊल पुढे टाकलं आणि टोपली खाली धरली. कॅमेरा मोहफुलांत जाऊन पडला.

‘पडला,’ झाडू म्हणाला.

‘झेलला ना गा तू!’ गुणवंतराव जवळजवळ ओरडले.

‘हाव.’

कॅमेऱ्याला ओरखडा नव्हता. फक्त त्याला मोहाचा वास लागला, गोडसर आणि दारूसारखाच उग्र. गुणवंतराव विहार समितीचे सचिव. पंचशील नुसतं म्हणत नसत, पाळत. त्यांनी रुमालाने कॅमेरा तीन वेळा पुसला. त्यामुळे रुमालालाही वास लागला.

उंबराखाली ते पोचले तेव्हा स्कूटरच्या आवाजाने पाखरं उडाली असतील अशी गुणवंतरावांची खात्री होती. झाडूने मान हलवली आणि बोट वर केलं. ‘ते पाहा. लय हायत.’

गुणवंतरावांना पानं दिसली.

‘कुठी?’

‘तिथी.’

त्यांना आणखी पानं दिसली. गुलाबरावांना तर सगळंच दिसत होतं, पण ते वेगळ्याच झाडाकडे बघत होते. शेवटी गुणवंतरावांनी झाडूच्या बोटाच्या दिशेला कॅमेरा धरला आणि बटण दाबत सुटले. सदतीस फोटो निघाले. सदतीसही फोटोंत पानंच होती, निरनिराळ्या कोनांतून. चौतीस वर्षांच्या नोकरीत न दिसलेल्या गोष्टींच्या पाहणीचे पुष्कळ अहवाल त्यांच्या हाताखालून गेले होते. पण ते अहवाल काही जावयाला दाखवायचे नव्हते. मन खट्टू झालं. तरी कॅमेरा शाबूत होता, आणि जे मिळालं नाही त्याहून जे टिकलं ते मोठं, असं स्वतःची समजूत घालत ते परत निघाले.

परतताना त्यांनी कोणावर म्हणजे कोणावर विसंबायचं नाही असं ठरवलं. पट्टा दगाबाज, पिशवी दगाबाज, सीट तर त्याहून. आता फक्त स्वतःचे दोन हात. पूर्ण वाट त्यांनी कॅमेरा छातीशी दोन्ही हातांनी धरला. दोन गतिरोधक आले, एक रानडुक्कर आडवं गेलं, गुलाबरावांनी चार वेळा खर्रा मागितला. गुणवंतरावांचे हात सुटले नाहीत. कुरखेड्यात शिरल्यावर विहाराच्या कोपऱ्यावर ते उतरले. घर तिथून शंभर पावलांवर होतं. पायी जाणं अधिक सुरक्षित, म्हणून उतरले.

विहाराच्या पायरीवर बायनाबाई बसल्या होत्या.

बायनाबाई म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. छप्पन साली बापाचं बोट धरून नागपूरला जाऊन आलेल्या. वस्तीतल्या अर्ध्याअधिक पोरांना त्यांनी पाटीवर पहिलं अक्षर गिरवून दिलेलं, त्यांत गुणवंतरावही. त्यांच्यासमोर कलेक्टर जरी आला तरी त्याने आधी चप्पल काढावी, अशी त्यांची जरब. त्यांनी मान वर केली, ओळख पटली, आणि त्या म्हणाल्या, ‘जय भीम, गुणवंता.’

अशा वेळी माणूस विचार करत नाही. विचार करण्याचा तो प्रसंगच नव्हे. साठीच्या उंबरठ्यावरच्या गुणवंतरावांचे हात, लहानपणी शिकवले होते तसे, आपोआप वर गेले आणि कपाळासमोर जुळले.

खाली पायरीवर आवाज झाला.

‘काय पडलं गा?’ बायनाबाईंनी विचारलं.

‘काही नाई, आई. जय भीम,’ गुणवंतराव म्हणाले. नमस्कार पुरता झाल्यावरच त्यांनी खाली पाहिलं.

समोरचं भिंग तडकलं होतं. मधोमध एक तडा आणि त्याला फुटलेले फाटे. पुढची कडी फिरवली की आत वाळू असल्यासारखं करकर वाजत होतं. लाल फीत मात्र जागची हलली नव्हती.

घरी आल्यावर ते छपरीत कॅमेरा पुढ्यात ठेवून बसले. मनकर्णाबाईंनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि कुरडयांचा विषय काढायचा नाही असं मनाशी ठरवून चहा ठेवला. गुणवंतरावांना भीती रागाची नव्हती. राजदीप रागावणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तो ‘असू द्या बाबा’ म्हणेल आणि खिडकीजवळ जाऊन बसेल, आणि पुन्हा त्यांच्या हातात कधीही काही देणार नाही. चार वाक्यांवरून पाचावर आलेलं नातं परत चारावर येईल आणि मरेपर्यंत तिथेच राहील. याचीच त्यांना खरी धास्ती होती.

गुलाबराव मात्र कामाला लागले होते.

‘खरं सांगायची गरजच काय? कॅमेरा पडायच्या काय कमी तऱ्हा हायत? सांगा, तीन पायाच्या स्टँडवर लावला, वारा आला, पडला. नाई त माकडानं पाडला. नाई त बसच्या दारात पट्टा अटकला. खिडकीपाशी ठेवला, पडदा उडाला. गाडीच्या टपावर ठेवून विसरले, गाडी निंघाली. पोरापोरांच्या ओढाताणीत पडला. पान्यात पडला म्हना.’

‘पाण्यात पडला तर तडा कसा जाईल?’

‘दगडाच्या पान्यात.’

‘गुलाबराव.’

‘बरं, राहू द्या. मंग वाघ सांगा.’ गुलाबरावांचे डोळे चमकले. ‘वाघ दिसला, हात थरथरले, पडला. वाघ म्हटल्यावर कोनता जवाई सासऱ्याले बोल लावन? उलट लोकं हार घालतीन.’

‘मी खोटं बोलणार नाही,’ गुणवंतराव म्हणाले, आणि विषय संपला असं त्यांना वाटलं.

पण ते खोटं बोलणार नाहीत असं म्हणाले होते. गुलाबराव बोलणार नाहीत असं कोणीच म्हटलं नव्हतं. संध्याकाळी गुलाबराव टपरीवर गेले. तिथे त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, की बडे बाबू आज झाडूच्या गावाकडे गेले होते आणि ‘काहीतरी’ पाहून त्यांच्या हातचा कॅमेरा पडला. एवढं पुरे झालं. दिवेलागणीपर्यंत वाघ झाला. जेवणाच्या वेळेपर्यंत वाघीण झाली आणि तिला दोन पिल्लं झाली.

आता या मुलखात वाघ ही थट्टेची गोष्ट नाही. दूर शहरातल्या लोकांना वाघ दिसला तर ते आनंदाने ओरडतात. इथे वाघ दिसला म्हटलं की माणसं आधी घरची माणसं मोजतात. त्यामुळे सकाळी आठ वाजता गुणवंतरावांच्या दारात दोन माणसं उभी राहिली. एक वनरक्षक मिथुन, काखेत वही. दुसरा झाडू आत्राम, आज हातात टोपली नव्हती.

‘बडे बाबू,’ मिथुन म्हणाला, ‘वाघ कुठी दिसला, किती वाजता दिसला, तोंड कोनीकडं होतं, समदं सांगा. रात्रीच त्या बाजूचं जंगल बंद केलं आमी.’

‘बंद केलं?’

‘मंग? जीव महत्त्वाचा.’

झाडू भिंतीशी टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, ‘आज कोनी बाया मोह वेचाले गेल्या नाई. फुलं पडून हायत. डुकरं खाऊन राह्यले.’ झाडूच्या तोंडून एका दमात एवढे शब्द गुणवंतरावांनी पन्नास वर्षांत ऐकले नव्हते. मोह पडतो तो महिनाभर. त्यातला एक दिवस गेला, की तो वर्षभर गेलेला असतो. आणि झाडूने तक्रार केली नव्हती, नुसतं सांगितलं होतं. म्हणून ते जास्त लागलं.

 ‘वाघ नव्हता,’ गुणवंतराव म्हणाले. ‘वाघ, वाघीण, पिल्लं, काही नव्हतं. माझ्या हातून कॅमेरा पडला, तोही इथे, विहारापाशी.’

मिथुनने टेबलावरचा कॅमेरा उचलून पाहिला. मग नाकाजवळ नेला. मग त्याने गुणवंतरावांकडे फार आदराने पाहिलं. ‘बाबूजी, राग नका येऊ देऊ. पन याले मोहाचा वास येऊन राह्यला.’

‘तो टोपलीत पडला होता!’

‘विहारापाशी टोपली होती?’

‘टोपलीत आधी पडला, विहारापाशी नंतर!’

‘म्हंजे दोनदा पडला.’

‘शेळीचं धरलं त तीनदा,’ आतून मनकर्णाबाई म्हणाल्या.

बडे बाबूंच्या अब्रूचा एवढा पंचनामा कधी झाला नव्हता. गल्लीतली चार डोकी कुंपणावर दिसू लागली होती आणि त्यांत गुलाबरावांचंही होतं, जरा खाली वाकलेलं.

‘वाघ नाई म्हन्ता त चांगलंच हाय,’ मिथुन म्हणाला. ‘पन तोंडी चालत नाई. लेखी द्या. तुमीच माह्या बापाचा अर्ज तीनदा परत केला होता, लेखी नाई म्हनून.’

हे खरं होतं. गुणवंतरावांनी आयुष्यात शेकडो लोकांकडून खुलासे घेतले होते. स्वतः कधी दिला नव्हता. त्यांनी कागद घेतला, समास आखला आणि लिहायला बसले. आणि काय सांगावं, पेन टेकल्यावर त्यांचं मन शांत झालं. जे तोंडाने बोलायला कालपासून जीभ उचलत नव्हती, ते समासाच्या उजवीकडे सरळ उतरू लागलं.

‘विषय : कॅमेरा पडल्याबाबत खुलासा.

‘उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, दिनांक १६ रोजी मी कोणताही वाघ पाहिलेला नाही. कॅमेरा प्रथम शेळीने (मालक : गुलाबराव) ओढल्याने कुरडयांवर, दुसऱ्यांदा स्कूटर (मालक : तेच) कलंडल्याने मोहफुलांच्या टोपलीत पडला. दोन्ही वेळी हानी झाली नाही, कुरडया वगळून. तिसऱ्यांदा तो माझ्या स्वतःच्या हातून, श्रीमती बायनाबाई यांना जय भीम करतेवेळी पडला व भिंग तडकले. पट्टा गळ्यात घालावा अशी स्पष्ट सूचना असताना मी तो दिसण्याच्या कारणावरून घातला नाही. सबब संपूर्ण दोष माझा आहे. श्रीमती बायनाबाई यांचा यात काही संबंध नाही. हरियल पक्ष्याचा फोटो जावयांना द्यावा या हेतूने मी गेलो होतो. तोही मिळाला नाही. वस्तू ज्या विश्वासाने दिली गेली तो विश्वास मला सांभाळता आला नाही, याचे मला फार वाईट वाटते.’

शेवटचं वाक्य सरकारी नमुन्यात बसत नव्हतं. त्यांनी ते खोडायला पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. साक्षीदार म्हणून गुलाबरावांना कुंपणावरून आत बोलावून सही घेतली. गुलाबरावांनी मुकाट्याने केली, आणि झाडूसमोर उभं राहून ‘चुकलं, भाऊ’ असं म्हणाले. झाडूने ‘हाव’ म्हटलं आणि मिथुनसोबत निघून गेला. जंगल दहाच्या आत खुलं झालं.

कार्बन ठेवून लिहिलेली दुसरी प्रत मात्र टेबलावर उरली होती. तिच्या तळाशी गुणवंतरावांनी सवयीप्रमाणे एक ओळ घातली होती : ‘प्रतिलिपी : श्री. राजदीप, जावई, यांना माहितीस्तव.’

चारच्या बसने लेक-जावई आले. ‘बस वेळेवर होती?’ हे गुणवंतरावांनी विचारलं नाही. त्यांनी कॅमेरा टेबलाच्या मधोमध ठेवला, शेजारी कागद ठेवला, आणि पेपर उघडून त्यामागे गेले. पेपर उलटा होता.

राजदीपने उभ्या उभ्या कागद वाचला. मग कॅमेरा उचलला. त्याचा चेहरा उतरला, हे पेपरच्या कडेवरून स्पष्ट दिसलं. त्याने कडी फिरवली. करकर वाजलं. त्याने ती पुन्हा फिरवली नाही. ‘असू द्या बाबा,’ असंही तो म्हणाला नाही. कॅमेरा आणि कागद घेऊन आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं. गुणवंतरावांना वाटलं, संपलं.

अर्ध्या तासाने हर्षा बाहेर आली. तिच्या हातात तोच कागद होता. ‘बाबा, तुमच्यासाठी आहे म्हणे.’

समासात, जिथे साहेब लोक लिहितात तिथे, बारीक अक्षरात शेरा होता.

‘वाचले. भिंग गेल्याचे मला वाईट वाटले, ते खोटे कसे लिहू? कार्ड शाबूत आहे. फोटो क्र. १९ मध्ये अकरा हरियल आहेत. दोन वर्षांत मला एकही मिळाला नव्हता. रविवारी दोघे सोबत जाऊ.’ खाली सही.

गुणवंतरावांनी तो शेरा चार वेळा वाचला. पाचव्या वेळी अक्षरं दिसेनाशी झाली, म्हणून त्यांनी चष्मा पुसला. काहीतरी बोललं पाहिजे, हे त्यांना कळत होतं. ते उठले, खाकरले, आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले आणि जे बोलता येत होतं ते बोलले.

‘शेऱ्याखाली तारीख नाही.’

राजदीपने त्यांच्याकडे पाहिलं. मग पलंगावर सरकून त्यांच्यासाठी जागा केली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर उंबराची पानं होती. राजदीपने एका ठिकाणी बोट ठेवलं, आणि पानातून एक डोळा, एक पिवळा पाय, एक आख्खं पाखरू वेगळं झालं. मग दुसरं, मग तिसरं. गुणवंतराव पुढे वाकले. फायलीतले आकडे तपासावेत तसं त्यांनी बोटाने एकेक पाखरू मोजायला घेतलं, आणि वरच्या कोपऱ्यात, पिकल्या उंबरांच्या घोसामागे, त्यांचं बोट थांबलं.

‘हा धरला होता का?’

राजदीप वाकून पाहू लागला.  ‘नाही, बाबा. हा सुटला माझ्याकडून.’

त्याने शेऱ्यातला ‘अकरा’ खोडून वर ‘बारा’ लिहिलं, आणि खाली तारीख टाकली. खाडाखोड झाली की बाजूला लघुस्वाक्षरी लागते. ती दोघांनी केली.